माया ठेवा, वहिनी!

तर झालं असं. मागच्या रविवारी भाचीसाठी घरी फ्रॉक शिवला. बिनबाह्यांचा, खांद्यावर बंद बांधायचा, उन्हाळी. मोठ्या कौतुकाने दादाकडे घेऊन गेले. वहिनीने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे गं, पण एवढा खटाटोप कशाला? एवढ्यात दोन तयार आले असते."

तेव्हा गप्प बसले. मला योग्य उत्तर नेहमी परतताना बसमध्ये सुचतं. म्हणून हे लिहितेय. (वहिनी वाचते हे ठाऊक आहे!)

आधी कबुली. वहिनीचं गणित चूक नाही. कापड, इलॅस्टिक, दोरा आणि माझे तीन तास धरले तर तयार फ्रॉकच स्वस्त पडतो. "घरी शिवलं की पैसे वाचतात" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. नाही वाचत. पण स्वस्त कशामुळे, ते तरी बघाल?

त्या तयार फ्रॉकांपैकी एक उलटा करा. शिवणीच्या आत जेमतेम पाव इंच कापड. खालची दुमड अर्धा इंच. शिवणीत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात. किती नेमका शब्द! पोर वाढणार हे शिवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. कारखान्याला ते धरून चालत नाही. हजारो फ्रॉकांमागे इंच इंच वाचवायचा असतो. मग पुढच्या उन्हाळ्यात पोर वाढते आणि फ्रॉक फरशी पुसायला जातो.

"पण मला शिवता येत नाही" हे दुसरं पालुपद. अहो, सरळ शिवण मारता आली की पुरे. पाच वर्षांच्या मुलीला ४४ इंच पन्ह्याचं एक मीटर सुती कापड लागतं. आधी धुवून वाळवा आणि इस्त्री करा, नाहीतर शिवल्यावर आटेल. पूर्ण पन्हा तसाच ठेवून २६ इंच लांबीचा तुकडा कापा. दोन कडा जोडून मागे एकच शिवण मारा. वरच्या बाजूला इंचभर दुमडून नेफा शिवा, थोडी जागा उघडी ठेवा आणि त्यातून छातीच्या मापापेक्षा इंचभर कमी इलॅस्टिक ओवा. टोकं जोडून उघडी जागा शिवून टाका. उरलेल्या कापडातून चार बंद आणि एक खिसा. बाही नाही, गळा नाही, चेन नाही. आपल्या झबल्याचीच थोरली बहीण म्हणा. खाली मात्र चांगली तीन इंच दुमड सोडा. पुढच्या वर्षी ती उसवून फ्रॉक लांब होतो, बंद सैल बांधता येतात, इलॅस्टिक बदलता येतं. आणखी वर्षाने त्याचाच टॉप होतो.

आणि खिसा विसरू नका! मुलग्यांच्या चड्डीला चार खिसे आणि मुलींच्या फ्रॉकला नुसती लेस, हा न्याय कोणी ठरवला? भाचीने पहिल्याच दिवशी त्यात सात चिंचोके भरले. लेसमध्ये कुठे भरले असते?

आता खरं सांगायचं ते. माझी दुमड दोनदा वाकडी गेली, दोनदा उसवली. तेव्हा कळलं की मशीन फक्त टाका घालतं, कापड सरळ सरकवायला माणसाचे हातच लागतात. तयार फ्रॉकलाही तेच लागतात. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं होतं. बहुतेक जण परदेशातल्या दुकानांसाठी कपडे शिवणारे. स्वस्ताईतला फरक कोणीतरी भरतंच.

मी एक फ्रॉक शिवून जग सुधारलं, असं मुळीच नाही. माझं कापडही कोणीतरी विणलंय आणि त्याला किती मिळाले ते मी विचारलेलं नाही. पण एकदा स्वतः दुमड घातली की दोनशे रुपयांच्या फ्रॉककडे पाहून "अरे वा, स्वस्त!" असं तोंडातून निघत नाही. निदान माझ्या तरी.

असो. वहिनी, पुढच्या रविवारी मशीन घेऊन येतेय. कापड धुवून ठेव. आणि चहा तूच कर.