सत्तावीस की बहात्तर?

गेले पंधरा दिवस आमच्या घरी अबोला आहे. भांडण असे काही झालेले नाही. हे वर्तमानपत्रात डोके खुपसून बसतात, मी भाजणी परतते आणि लेक दोघांकडे आळीपाळीने पाहते. तिला दोन नोकऱ्या चालून आल्या. तिने बँकेची सोडली आणि प्राथमिक शाळेची धरली!

"तीन वर्षे शिक्षण सेवक! महिना सोळा हजार मानधन! आणि तालुका कुठला मिळेल, देव जाणे," हे म्हणाले. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. सन २००० मध्ये ही योजना आली तेव्हा मानधन तीन हजार होते. त्याचे सोळा हजार व्हायला २०२३ उजाडावे लागले. मी १९८६ साली डी. एड. होऊन लागले ती पहिल्या महिन्यापासून पुऱ्या पगारावर. तेव्हा लेकीला धीर देण्याचा मला तरी काय अधिकार?

माझी पहिली शाळा जिल्हा परिषदेची. दोन खोल्या, चार इयत्ता, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे. एकदा दुसरीतल्या एका मुलाला मी सत्तावीस लिहायला सांगितले. त्याने पाटीवर ७२ लिहिले. मी पुसले, त्याने पुन्हा ७२. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, "बाई, तुम्हीच आधी सात म्हणता ना?"

वाचकहो, डी. एड.च्या दोन वर्षांत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. सत्तावीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. एकोणतीस तर त्याहून लबाड! कानावर पडतात 'एक' आणि 'तीस', लिहायचे २९. पोर बिचारे ३१ लिहिते आणि आपण त्याला ढ ठरवतो.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर चिंचोके नेले. दहादहांच्या पुरचुंड्या बांधल्या. त्याने दोन पुरचुंड्या डावीकडे मांडल्या, सात सुटे उजवीकडे. बराच वेळ बघत बसला. मग पाटीवर २७ लिहिले आणि माझ्याकडे असे पाहिले, की जणू इतके दिवस मीच त्याच्यापासून काहीतरी लपवून ठेवले होते!

ते पाहणे मला पुढे अडतीस वर्षे पुरले. एरवी या नोकरीत काय कमी सोसावे लागते? १९९१, २००१ आणि २०११, तिन्ही जनगणनांत मी दारोदार हिंडले. निवडणुका आल्या की पेट्या आणि याद्या. मुख्याध्यापिकेची बढती चालून आली, तर वर्ग सुटेल म्हणून नको असे लिहून दिले. घरात त्या वेळीही असाच अबोला होता, चांगला महिनाभर! २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची जोडरीत आली, तेव्हा मराठी बुडाली म्हणून केवढा गदारोळ उठला. आमच्या शाळेतही दोन तट पडले. मला मात्र तो रडवेला चेहरा आठवत होता, आणि मी गप्प राहिले. तेव्हा बोलायला हवे होते, असे आता वाटते.

२०२४ साली मी निवृत्त झाले. चिंचोक्यांचा डबा माळ्यावर गेला. काल चकल्या तळत होते, तर लेक तोच डबा घेऊन पुढे उभी. "आई, हे मी नेऊ?"

झाकण उघडले. निम्म्याहून अधिक चिंचोके किडले होते. मी सुपात घेऊन निवडू लागले, तोच वर्तमानपत्राआडून आवाज आला :

"ते टाकून द्या म्हणावे. उद्या मंडईतून ताजे आणतो. किती लागतील?"