सारस आणि धानाची बांधी

काही करकोच्यांप्रमाणे सारस दूरदेशी स्थलांतर करीत नाही. भंडारा-गोंदियाचे मामा तलाव आणि धानाच्या बांध्या हेच त्याचे घर. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः याच पट्ट्यात उरला आहे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तथापि केवळ अभयारण्य आखून हा पक्षी वाचेल, असे आम्हांस वाटत नाही. तो दाट वनात राहतच नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करून तो बहुधा दोन अंडी घालतो, महिनाभर उबवतो. तेवढे धान मोडते, हेही खरे. त्याची भरपाई शेतकऱ्यास वेळेवर मिळालीच पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांचे कित्येक पालक धान पिकवतात. घरटे प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते.