गाडी उंच, जॅक तोकडा

पाटे वाढवून उंच केलेली पिकअप पंक्चर झाली की पहिली अडचण येते ती जॅकची. कापसाचा हंगाम सुरू झाल्यापासून बोदवड, जामनेर, मुक्ताईनगर भागातल्या वाचकांची तक्रार एकच आहे: गाडीबरोबर आलेला जॅक चॅसिसपर्यंत पोचत नाही आणि पोचला तरी चाक जमीन सोडत नाही. मग जॅकखाली विटा, दगड, फळकुटे रचली जातात. तक्रार खरी आहे, उपाय घातक आहे.

टायर बदलताना जॅक चॅसिसला लावायचाच नसतो. पाटे वाढवले की चॅसिस आणि तिच्यावरचा हौदा वर जातो. एक्सल होता तिथेच राहतो, कारण त्याची जमिनीपासूनची उंची टायर ठरवतो. हाउसिंगच्या नळीखाली, यू-बोल्टच्या शेजारी जॅक लावला तर जुना जॅकही पुरतो. चॅसिसला लावला तर आधी नुसती कमान सैल पडते, पाटे खाली लोंबतात, चाक मातीतच असते. वीतभर उचलूनही काम झालेले नसते, पण तोवर वर रचलेला कापूस एका अंगाला कललेला असतो. हाउसिंगच्या मधल्या गोल फुगाऱ्याखालीही जॅक नको; तिथे गाडी डोलते. मोठे टायर बसवले असतील तर एक्सल व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने वर जातो, म्हणजे ४ इंच मोठ्या टायरला २ इंच. तेवढ्यासाठी जास्त उंचीचा जॅक विकत घ्यावा, विटा रचू नयेत. वीट दाबाखाली वाकत नाही, ती एकदम फुटते आणि फुटण्याआधी काही सांगत नाही.

दुसरा प्रश्न जमिनीचा. या तालुक्यांतली काळी माती पावसात आणि रब्बीच्या पाणभरतीत लोण्यासारखी होते, आणि डांबराला लागून असलेली साइडपट्टी बहुतेक ठिकाणी त्याच मातीची आहे. पिकअपच्या मागच्या एका चाकावर १ टन भार धरला आणि जॅकचा तळ १० सेंटिमीटर चौरस असला, तर दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब पडतो. त्याखाली ३० सेंटिमीटर चौरसाची, दोन इंच जाड लाकडी फळी ठेवली की तोच दाब १.१ किलोवर येतो. भरलेल्या ट्रकच्या जॅकखाली मात्र ओल्या मातीत ही फळीही पुरणार नाही. तिथे रिम खराब झाली तरी चालेल, गाडी रांगत डांबरावर किंवा घट्ट मुरुमावर न्यावी. रिमची किंमत माणसापेक्षा मोठी नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली म्हणजे ती हलणार नाही, असा समज सगळीकडे आहे. मागचे एक चाक अधांतरी झाले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक गिअर धरून ठेवू शकत नाही. ज्या गाड्यांत हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर काम करतो, त्यांचा हँडब्रेकही तेव्हा निकामी ठरतो. हँडब्रेक चाकांवर असला तरी तो बहुधा मागच्याच चाकांना धरतो. पुढची चाके मोकळीच असतात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके ठोकून लावल्याशिवाय टॉमीला हात लावू नये. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करावेत. काही जुन्या ट्रकांना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, ते आधी पाहावे. चाक जमिनीवरून सुटले की एक्सलखाली घोडी लावावी. तेलाच्या जॅकचे सील कधी दम सोडेल याचा भरवसा नसतो; काढलेले चाक आडवे करून चॅसिसखाली सरकवले, तर घोडी घसरली तरी जीव वाचण्याइतकी जागा राहते.

ट्रकवाल्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जुलै २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. म्हणजे एका बाजूला पावणेसहा टन. भार वाढला, टूलबॉक्समधला जॅक मात्र पूर्वीचाच आहे. आणि जोडचाकातला टायर खराब झाला असेल तर नट सोडण्याआधी त्या जोडीतल्या दोन्ही टायरांची हवा व्हॉल्व्हचा पिन काढून पूर्ण सोडावी. लॉक रिंग सुटून उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही.

सरकारी यंत्रणेचा या सगळ्याशी संबंध फक्त दंडापुरता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मूळ रचनेशी विसंगत बदलाला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाची पावती फाडून तीच उंच गाडी, त्याच जॅकसह, त्याच रस्त्यावर परत सोडली जाते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होणाऱ्या फिटनेसला हेडलाइट, हॉर्न, वायपर, ब्रेक पाहतात. गाडीच्या वजनाला पुरणारा जॅक, फळी आणि गुटके दाखवा, असे कोणी म्हणत नाही. हे बदलायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे. परिवहन खात्याने ते काढावे.

मालकांनी मात्र त्याची वाट पाहू नये. पाट्यांवर हजारो रुपये घालणाऱ्याने फळी, चार गुटके आणि घोडीसाठी खिशात हात घालायला मागेपुढे पाहणे अक्षम्य आहे, कारण गाडीखाली जातो तो क्लीनर, मालक नव्हे. आणि चालकांनी दोन गोष्टी आजपासून पाळाव्यात. ताशी ६० च्या वेगाने येणारी गाडी ५० मीटर तीन सेकंदांत कापते, म्हणून लाल त्रिकोण किमान १०० मीटर मागे ठेवावा. आणि टायर बदलून निघताना चाकाला लावलेला प्रत्येक दगड उचलून रस्त्याबाहेर टाकावा; रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही.