उमेदवारी चालते, मत चालत नाही

२०१७च्या जुलैत येवल्याचे आमदार छगन भुजबळ तुरुंगातून विधान भवनात आले, राष्ट्रपतिपदासाठी मत देऊन परत गेले. न्यायालयाची परवानगी होती. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या बंद्याला मात्र अशी परवानगी मागायचीही सोय नाही. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) कोठडीतल्या प्रत्येकाचे मत काढून घेते. मग तो शिक्षा झालेला असो वा जामिनाअभावी अडकलेला कच्चा कैदी. देशातल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चेच आहेत. प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला तेवढी टपाली मतदानाची मुभा. म्हणजे यंत्रणा आहे, वानवा आहे ती इच्छेची.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये ही बंदी उचलून धरली. २०१३मध्ये ‘मत नाही तर उमेदवारीही नाही’ असे न्यायालयाने म्हणताच संसदेने काही महिन्यांत कायदा बदलून घेतला, तोही फक्त उमेदवारीपुरता! आपल्या लोकप्रतिनिधींची तत्परता कुठे जागी होते, ते यातून दिसते.

अमेरिकेत कित्येक राज्यांत सुटकेनंतरही मत परत मिळवण्यासाठी झगडावे लागते. आपल्याकडे सुटकेबरोबर तो हक्क परत येतो. पण मतदारयादीच्या पडताळणीला घरी आलेल्याला माणूस वर्षानुवर्षे दिसला नाही, तर यादीतले नाव उडू शकते. निदान कच्च्या कैद्यांना तरी टपाली मत द्यावे, आणि सुटणाऱ्याच्या हाती कारागृहानेच मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून द्यावा.