शुद्धिपत्रकाची लाज कसली?

सरकारी कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर मला एका कागदाविषयी आदर वाटू लागलाय, तो म्हणजे शुद्धिपत्रक. राजपत्रात चूक झाली की ते निघतं, कुणाचं नाक कापलं जात नाही. तज्ज्ञांना मात्र ते भारी जड जातं.

हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालात छापून आलं. २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी, हिमनद्या आक्रसताहेत पण वेग असाधारण नाही, असं मांडलं. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला चक्क जादूटोण्याचं विज्ञान ठरवलं. पुढे जानेवारी २०१० मध्ये समितीलाच त्या विधानाबद्दल खेद व्यक्त करावा लागला.

तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. चूक एका परिच्छेदाची, पण लोक शेकडो पानांच्या अख्ख्या अहवालावरच शंका घेऊ लागले. त्यांना दोष तरी कसा द्यावा? छापलेलं तपासायला सामान्य माणूस हिमनदीवर थोडाच जाणार! तो सांगणाऱ्याची वागणूक बघतो. हिमनद्या वितळताहेत हे तर खरंच आहे. म्हणूनच त्या ताठ्याची किंमत मला फार मोठी वाटते.