घरातील संगीत : संगणक की स्वतंत्र स्ट्रीमर?

तंजावरच्या राजवाड्यात संगीत महाल नावाचे एक दालन आहे. गाणाऱ्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत नीट पोहोचावा, अशा बेताने बांधलेले म्हणून ते ओळखले जाते. 1676 पासून 1855 पर्यंत ह्या नगरीवर भोसले घराण्याचे राज्य होते. त्या घराण्यातील तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँडही ठेवला. मराठी कीर्तन येथे आले, रुजले आणि त्यातून दक्षिणेतील हरिकथेने आकार घेतला. साकी, दिंडी, ओवी ही नावे आजही तमिळ हरिकथाकारांच्या तोंडी आहेत. अशा गावात घरी गाणे कशावर ऐकावे हा प्रश्न केवळ चैनीचा मानता येत नाही.

तो प्रश्न आता नव्या रूपाने पुढे आला आहे. घरात एक अॅम्प्लिफायर आणि दोन लाउडस्पीकर आहेत असे समजू. त्यांना गाणे पुरवावयाचे कोणी? घरातील संगणकाने, की त्याच एका कामासाठी बनविलेल्या स्ट्रीमर नावाच्या लहान पेटीने? स्ट्रीमर विकणारे सांगतात की संगणकाचा आवाज मलिन असतो. उलट पक्ष म्हणतो की स्ट्रीमर म्हणजे चढ्या भावाने विकलेला संगणकच होय. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते वादाचा खरा मुद्दा दोन्ही पक्षांच्या दृष्टीतून निसटला आहे.

प्रथम ध्वनीचा विचार करू. अंकरूप ध्वनिमुद्रणात ध्वनीची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजून ते आकडे साठविले जातात. 1982 मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हे मोजमाप सेकंदास 44,100 वेळा होते. मोजणीच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी त्या आकड्यांतून पुन्हा उभा करता येतो, असे गणित सांगते. मानवी कानाची मर्यादा सुमारे 20,000 हर्ट्‌झ असल्यामुळे एवढी मोजणी कानास पुरते. ह्या आकड्यांचे पुन्हा विद्युत्‌लहरीत रूपांतर करणाऱ्या भागास व्यवहारात ‘डॅक’ म्हणतात. संगणकात तो असतो, स्ट्रीमरमध्येही असतो, आणि स्वतंत्र पेटीच्या रूपानेही तो विकत मिळतो.

आता संगणकावर पहिला आरोप असा की त्याच्या आकड्यांची लय डळमळते. जुन्या पद्धतीच्या जोडणीत हे काही अंशी खरे होते. परंतु सध्याच्या बहुतेक यूएसबी डॅकमध्ये वेळेचे घड्याळ डॅकच्या पोटात असते आणि तो आपल्या गतीने संगणकाकडून आकडे मागून घेतो. मैफलीत काल मृदंगम्‌वाल्याच्या हाती असतो. वह्यांची पाने उलटून देणारा मुलगा घाईघाईने उलटतो की सावकाश, याचा गाण्यावर परिणाम होत नाही, पान वेळेपूर्वी उघडलेले असले म्हणजे झाले. संगणकाचे काम ह्या मुलाचे आहे. तेव्हा बाहेरचा चांगला डॅक जोडला असता संगणक आणि स्ट्रीमर यांच्या आवाजात ओळखू येण्याजोगा फरक राहावयास कारण उरत नाही. मात्र संगणकाने मध्येच आकड्यांत ढवळाढवळ करू नये. पुष्कळ संगणक सर्व आवाज एकत्र मिसळताना 44,100 चे 48,000 करून टाकतात, आणि पत्र आल्याची घंटा नेमकी निरवलच्या मध्यभागी वाजवितात. ह्या दोन्ही सवयी सेटिंगमध्ये जाऊन मोडता येतात. त्या मोडण्याचा कंटाळा असणाऱ्याने स्ट्रीमर घ्यावा, हे मी निःसंकोचपणे म्हणेन.

दुसरा आरोप अधिक वजनाचा आहे आणि तो विजेशी निगडित आहे. संगणक व अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी भूमीशी जोडलेले असले की दोहोंमध्ये एक वळसा तयार होतो व घरातील 50 हर्ट्‌झच्या विजेची गुणगुण लाउडस्पीकरमध्ये उतरते. तिच्याबरोबर 100, 150, 200 अशा तिच्या पटीही येतात. आपल्या संगीतात ही गोष्ट विशेष जाचक ठरते, ती अशी. कर्नाटक संगीतात गायिकांचा षड्‌ज पुष्कळदा पाच कट्टै, म्हणजे आपल्याकडे जिला ‘पांढरी पाच’ म्हणतात, त्या पट्टीत असतो. त्याची वारंवारता सुमारे 196 हर्ट्‌झ भरते. तंबोरा 196 वर आणि विजेची गुणगुण 200 वर. दोहोंच्या मिलाफातून सेकंदास चार अशी आंदोलने उत्पन्न होतात. जुळविलेला तंबोरा जणू उतरल्यासारखा वाटू लागतो. ढोलताशांच्या मुद्रणात हे कोणास कळणार नाही. वीणेच्या आलापनेत, जेथे एकेक स्वर विझत विझत जातो, तेथे ते झाकता येत नाही. उपाय सोपा आहे: लॅपटॉपची चार्जरची पिन काढून बॅटरीवर वाजवून पाहावे. गुणगुण नाहीशी झाली तर दोष जोडणीचा होता असे समजावे, आणि सर्व यंत्रे एकाच विस्तारफळीवर लावावीत. स्ट्रीमरच्या बाबतीत हा त्रास सहसा कमी होतो, कारण तो लहान असतो व अॅम्प्लिफायरशेजारीच बसतो.

येथे एक गोष्ट विनोदाची वाटेल, पण ती वास्तव आहे. मे महिन्यात तंजावरात छताचा पंखा बंद करून संगीत ऐकणारा रसिक विरळाच. पंख्याची घरघर, रस्त्यावरील बसचा भोंगा आणि शेजारचा मिक्सर यांच्यापुढे डॅकच्या गुणवत्तेतील शेवटच्या दशांशाचा हिशेब करणे म्हणजे पावसात उभे राहून रुमाल किती ओला झाला हे मोजणे होय. पैसे असतील तर ते आधी लाउडस्पीकरवर आणि खोलीतील जाड पडद्यांवर खर्चावेत.

ध्वनीपेक्षा महत्त्वाची वाटते ती अखंडता. तिरुवैयारूला त्यागराज आराधनेच्या दिवशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती म्हणतात. अशा कार्यक्रमाचे किंवा रागम्‌–तानम्‌–पल्लवीचे मुद्रण साठविताना त्याचे तुकडे पाडले जातात. एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना काही स्ट्रीमर पाव-अर्धा सेकंद गप्प बसतात. चित्रपटगीतांत ते जाणवत नाही. परंतु तंबोऱ्याचा नाद मध्येच कापला जाऊन पुन्हा सुरू झाला, तर श्रोत्याच्या अंगावर काटा येतो. स्ट्रीमर विकत घेण्यापूर्वी दुकानातच असे दोन तुकडे सलग वाजवून पाहावेत. तद्वतच, बहुतेक स्ट्रीमर गाण्यांची वर्गवारी कलाकार आणि अल्बम ह्या दोनच खणांत करतात. आपल्याला राग हवा असतो, ताल हवा असतो, वाग्गेयकार हवा असतो. संगणकावर असे खण आपण स्वतः पाडू शकतो व कल्याणीतील सर्व मुद्रणे क्षणात समोर आणू शकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्ट्रीमर हाही आतून संगणकच असतो: प्रोसेसर, स्मृती, आज्ञावली, सर्व काही. 2012 पासून मिळू लागलेल्या रास्पबेरी पाय ह्या तळहाताएवढ्या संगणकावर मोफत आज्ञावली चढवून हजारो लोकांनी घरीच स्ट्रीमर बनविले आहेत. भेद इतकाच की एका यंत्राची किल्ली तुमच्या हाती असते आणि दुसऱ्याची त्याच्या निर्मात्याच्या हाती. गूगलने 2015 मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ नावाचे स्वस्त साधन काढले व 2019 मध्ये त्याचे उत्पादन थांबविले. मार्च 2025 मध्ये त्यातील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि धडधाकट यंत्रे एकाएकी मुकी झाली. कंपनीने दुरुस्ती पाठविल्यावरच ती पुन्हा बोलू लागली. याच्या उलट लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्सची कथा आहे. त्याचेही उत्पादन थांबले, 2024 मध्ये कंपनीचे केंद्रही बंद झाले. परंतु त्याची आज्ञावली खुली असल्यामुळे हौशी लोकांनी ती सांभाळली व जुनी यंत्रे अद्यापि चालतात. संगणकही अमर नाही. विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. पण त्याच संगणकावर लिनक्स चढविता येते आणि पुढली अनेक वर्षे त्याजकडून गाण्याची सेवा घेता येते. मुके झालेले बंद यंत्र मात्र कपाटात ठेवण्यापलीकडे कामाचे राहत नाही.

इंटरनेटवरील सेवांबद्दलही असेच म्हणावे लागेल. नोव्हेंबर 2018 मध्ये ‘गजा’ चक्रीवादळाने कावेरीच्या मुखाकडील जिल्ह्यांना झोडपले, विजेचे खांब उन्मळून पडले, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा वेळी दूरच्या केंद्रातून येणारे गाणे नसल्यात जमा. लॅपटॉपमध्ये साठविलेले गाणे बॅटरी आहे तोवर तरी वाजते. डिस्कच्या दर्जाचे एका तासाचे मुद्रण सुमारे 635 मेगाबाइट होते. एक टेराबाइटच्या तबकडीत असे दीड हजार तास मावतात. फ्लॅक ह्या पद्धतीने, एकही आकडा न गमावता, साधारण निम्म्या जागेत काम भागते. एका घराच्या आयुष्यभराच्या श्रवणास एवढे पुरावे.

तंजावरच्या मराठी घरांत ह्याहून निराळा असा एक ठेवा आहे, आणि माझे मत बनविण्यास तोच कारण झाला. कॅसेट 1963 मध्ये निघाली आणि पुढे आपल्याकडे घरोघरी पोहोचली. कोणी आजीची गाणी मुद्रित केली, कोणी घरच्या भजनातील अभंग, कोणी लग्नातील मंगलाष्टके. तीनशे वर्षे तमिळ शेजारात राहून जिचे वळण निराळे झाले ती तंजावरी मराठी बोली त्या फितींत जिवंत आहे. ती बोलणारी तरुण मंडळी घटत चालली आहेत. दमट हवेत फितीला बुरशी येते, चुंबकीय थर सुटू लागतो. हा आवाज वाचवावयाचा तर कॅसेट प्लेअर संगणकास जोडावा लागतो, आवाज आत घ्यावा लागतो, त्यावर नाव, साल, गाव लिहावे लागते. स्ट्रीमर हे करू शकत नाही. तो फक्त देतो; घेत नाही.

म्हणून ज्या घरी, शाळेत वा ग्रंथालयात असा स्वतःचा संग्रह आहे, तेथे मी संगणकाच्या बाजूने कौल देतो; नवा नव्हे, घरात पडून असलेला, पंख्याचा आवाज न करणारा, बाहेरच्या डॅकला जोडलेला. वीज थोडी अधिक लागेल: लहान स्ट्रीमर पाच-दहा वॅटमध्ये भागवितो, टेबलावरचा संगणक त्याच्या कित्येक पट घेतो, हे मान्य. ज्येष्ठांसाठी एका बटनावर सुरू होणारे साधन हवे, हेही मान्य. त्यांच्या खोलीत स्ट्रीमर ठेवून त्यास ह्याच संगणकातील संग्रह घरच्या वाय-फायवरून वाजविता येतो. ज्या घरी केवळ भाड्याच्या सेवेवरील गाणे ऐकावयाचे आहे, त्यांनी खुशाल स्ट्रीमर घ्यावा, फक्त तो खुल्या पद्धतींवर चालणारा असावा. संग्रहाच्या दोन प्रती कराव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी.

कामास वेळ किती लागेल, असे पुष्कळजण विचारतात. 90 मिनिटांच्या कॅसेटीस 90 मिनिटेच लागतात. तीत घाई चालत नाही. तंजावरात मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात असतो. उन्हाळ्याच्या सुटीत, हवा कोरडी असताना, मुलांनी रोज दोन कॅसेटी घेतल्या आणि ऐकता ऐकता आजीला प्रत्येक आवाज कोणाचा हे विचारून लिहून ठेवले, तर साठ कॅसेटींचा डबा महिन्याभरात रिकामा होतो.