साखर, इन्शुलिन आणि दिवाळीची टूर्नामेंट

दिवाळीत करकंबला गेलो की टेनिस बॉलची टूर्नामेंट खेळतोच. मला टाइप १ डायबेटिस आहे, त्यामुळे मॅचनंतर कुणीतरी हमखास म्हणतं, "काय जिद्द आहे राव!"

मंडळी, जिद्द-बिद्द काही नाही. खिशात ग्लुकोजची पुडी असते आणि मध्येच दोन मिनिटं लागतात. ती मिळाली नाहीत तर तुमचं कौतुक घेऊन काय करू?

टेनिसमधला झ्वेरेव्ह घ्या. चौथ्या वर्षापासून टाइप १. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याला सांगितलं, कोर्टवर इन्शुलिन टोचायचं नाही, बाहेर जा. आणि ते बाहेर जाणं टॉयलेट ब्रेकमध्ये धरणार! बोभाटा झाल्यावर कोर्टवर परवानगी मिळाली. बरं, इन्शुलिन 'वाडा'च्या बंदी यादीत आहे, म्हणजे अशा खेळाडूला आधी कागदोपत्री सूट घ्यावीच लागते. एवढं करून वर लपून टोचायचं?

आपल्याकडे कागद नाही, पण पंच घड्याळ दाखवतात. "तुला दिलं तर सगळेच मागतील." मागू देत की! पुडी खाऊन कुणाचा सिक्स लांब जात नाही. :) नियमांच्या कागदावर तेवढी एक ओळ वाढवा, एन्ट्री फी मी आधीच भरलीय.